टायबरची द्वितीया



आजचा विषय पत्रिकेत छापून आला तेव्हा दोघातिघांनी मला गाठून विचारलं, ‘इटलीतली एक नदी, तिचं लॅटिन नाव, त्या नावाचं व्याकरण. यावर तासभर बोलणार?’ हो, बोलणार. काळजी मला वेगळीच आहे, तास पुरेल की नाही याची. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी हयातभर संस्कृत विभक्त्या शिकवल्या. त्यांच्यासमोर राजकारणावर बोलायला मी कचरलो असतो, विभक्तीवर बोलायला कचरणार नाही.

नदी आहे टायबर. रोम शहराच्या मधून वळसे घेत जाते ती. लांबी सुमारे 405 किलोमीटर. आपली भीमा हिच्या दुपटीहून लांब आहे. अपेनाइन पर्वतात फुमाइओलो नावाच्या डोंगरावर ती उगम पावते आणि ऑस्टियापाशी समुद्राला मिळते. लॅटिनमध्ये तिचं नाव ‘तिबेरिस’. इंग्रजीने त्याचं टायबर केलं, इटालियन माणूस ‘तेवेरे’ म्हणतो. जगाच्या इतिहासात एवढ्याशा नदीने एवढी जागा अडवावी हे नवलच. पण तो इतिहास आज बाजूला ठेवू. आज फक्त नाव. हे नाव आलं कुठून? ते पुल्लिंगी का? आणि त्याची द्वितीया विभक्ती शेजारच्या शब्दांसारखी का चालत नाही? या प्रश्नांच्या मागे आणखी एक प्रश्न उभा आहे. एखाद्या नावाबद्दल व्याकरणाला काय कळतं, आणि काय कळत नाही?

उगमापासून सुरुवात करू.

रोमन लोकांना स्वतःच्या नदीच्या नावाचा उगम माहीत नव्हता. हे मी म्हणत नाही, व्हॅरो म्हणतो. मार्कुस तेरेन्टियस व्हॅरो, जन्म इ.स.पू. 116, रोममधला सर्वांत विद्वान माणूस म्हणून त्याच्या हयातीतच मानला गेलेला. त्याने लॅटिन भाषेवर पंचवीस खंडांचा ग्रंथ लिहिला. त्यातले पाचवा ते दहावा एवढेच खंड आज आपल्या हाती आहेत, आणि तेही जागोजागी फाटलेले. पाचव्या खंडात तो स्थळनामांच्या व्युत्पत्ती सांगत सांगत टायबरपाशी येतो आणि थबकतो. तो म्हणतो, या नदीचं डोकं लॅटिन प्रदेशाबाहेर आहे. तिच्या पाण्याबरोबर तिचं नावही बाहेरूनच आपल्या भाषेत वाहत आलं असेल, तर लॅटिन व्युत्पत्तिकाराचा त्याच्याशी संबंध नाही. काय सुरेख युक्तिवाद आहे पाहा! पाण्याचा उगम परका, मग नावाचाही परका असू शकतो. तो व्होल्टुर्नस नदीचं उदाहरण देतो. ती सामनाइट लोकांच्या मुलखात उगवते, तेव्हा तिचं नाव आपलं नव्हे. आणि लगेच स्वतःच्याच विधानाला मुरड घालतो: पण त्या नदीच्या मुखाशी आपली वसाहत आहे, वसाहतीचं नाव नदीवरून पडलंय, म्हणजे नाव आता आपलंच झालं. ही मुरड लक्षात ठेवा. आपल्याला पुढे कामाला येणार आहे.

मग व्हॅरो दोन्ही पक्षांचे दावे मांडतो. नदीच्या उजव्या तीरावर एट्रुस्कन लोक, डाव्या तीरावर लॅटिन. नाव आमचं, असं दोघांचंही म्हणणं. एट्रुस्कन पक्ष सांगतो, जवळच्या व्हेयी नगरीत थेब्रिस नावाचा सरदार होता, त्याच्यावरून नदी थेब्रिस. लॅटिन पक्ष सांगतो, नदीचं जुनं नाव आल्बुला. तिबेरिनस नावाचा आमचा राजा तिच्यात मेला, तेव्हापासून ती तिबेरिस. रोमन इतिहासकार लिव्हीही हीच गोष्ट देतो: आल्बा नगरीचा राजा तिबेरिनस नदी ओलांडताना बुडाला आणि पाण्याला नाव देऊन गेला. डायोनिसियस नावाचा ग्रीक इतिहासकार सांगतो की तो बुडाला नाही, काठावरच्या लढाईत पडला आणि प्रवाहाने त्याला नेलं. कसाही मेला असेल, नाव मात्र त्याचंच.

आता इथे व्याकरणाला साक्षीला बोलवू.

लॅटिनमध्ये ‘-इनुस’ हा प्रत्यय आहे. मारे म्हणजे समुद्र, त्याचं मारिनुस, म्हणजे समुद्राचा. आल्प्स पर्वताचा तो आल्पिनुस. तसाच तिबेरिसचा तो तिबेरिनुस. तिबेरिनस म्हणजे ‘टायबरचा’. राजाचं नाव नदीच्या नावाला प्रत्यय लावून बनलंय. मग राजाच्या नावावरून नदीचं नाव पडलं कसं? उद्या कुणी सांगितलं की फार पूर्वी पुणेकर नावाचा एक राजा होऊन गेला, तो मुळा-मुठेच्या संगमावर बुडाला, म्हणून त्या गावाला पुणे म्हणतात, तर आपण काय करू? पुण्यातही हसू, आणि पुण्याबाहेर तर फारच हसू. लिव्हीची गोष्ट याच जातीची आहे. आल्बाच्या राजांच्या यादीत तिबेरिनसनंतर थोड्याच पिढ्यांनी आव्हेंटिनस नावाचा राजा येतो आणि त्याला आव्हेंटाइन टेकडीवर पुरतात! ही यादी का लागली, तेही कळण्यासारखं आहे. ट्रॉयचं पतन आणि रोमची स्थापना यांच्यात प्राचीनांच्या हिशेबाने चारशेहून अधिक वर्षांची पोकळी होती. ती भरायला राजे हवे होते. राजांना नावं हवी होती. नावं आजूबाजूच्या टेकड्या-नद्यांकडून उसनी आणली, आणि मग टेकड्या-नद्यांनाच सांगितलं की तुमची नावं या राजांची आहेत.

व्हर्जिलने तर तिसराच राजा उभा केला. त्याच्या महाकाव्यात थिब्रिस नावाचा एक अजस्र, दांडगा राजा येतो, आणि त्याच्यामुळे आल्बुलाचं खरं नाव पुसलं गेलं असं कवी सांगतो. या थिब्रिसला ग्रीक वास आहे, आणि कवीला तो हवाच होता. व्हर्जिल नदीला बहुतेक सगळीकडे थिब्रिसच म्हणतो. तिबेरिस हे रोजचं नाव त्याच्या काव्यांत अगदी विरळा येतं.

चौथ्या शतकाच्या अखेरीस सर्व्हियस नावाच्या टीकाकाराने याचा फार नेमका निवाडा केला. त्याचं म्हणणं असं: पूजेअर्चेत तिबेरिनस, रोजच्या बोलण्यात तिबेरिस, काव्यात थिब्रिस. एका नदीची तीन नावं, तीन ठिकाणी वापरायची. पुजाऱ्याचं वेगळं, नावाड्याचं वेगळं, कवीचं वेगळं. सिसेरोही सांगतो की शकुन पाहणाऱ्या पुरोहितांच्या प्रार्थनेत तिबेरिनस हे नाव इतर लहान ओढ्या-नद्यांच्या नावांबरोबर येतं. म्हणजे नदीला हाक मारायची वेळ आली की रोमन माणूस तिबेरिस म्हणत नसे, ‘तिबेरिने’ म्हणे, टायबरमधल्या देवाला हाक मारी. संबोधनापुरती दुसऱ्याच शब्दाची उसनवारी. एखाद्या नामाच्या एका विभक्तीची जागा दुसऱ्या शब्दाने भरून काढायची, याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

बरं, राजे गेले. मग उगम कुठला?

रोमच्या वायव्येला समुद्रकाठी पिर्जी नावाचं जुनं एट्रुस्कन बंदर होतं. तिथे 1964 साली उत्खननात सोन्याचे तीन पातळ पत्रे सापडले. वीतभरही उंचीचे नाहीत. कधी काळी देवळात खिळ्यांनी ठोकलेले असणार, कारण कडेने भोकं आहेत. दोन पत्र्यांवर एट्रुस्कन लेख आहे, एकावर फिनिशियन. काळ इ.स.पू. 500 च्या आसपासचा. काएरे नगरीच्या राजाने एका देवीला स्थान अर्पण केलं त्याचा हा दस्तऐवज. एट्रुस्कन मजकुरात तिचं नाव उनी, फिनिशियनमध्ये अस्तार्ते. आणि राजाचं नाव? एट्रुस्कन पत्रा म्हणतो ‘थेफारिए वेलियानास’. फिनिशियन पत्र्यावर त्याच नावाच्या पहिल्या शब्दाची अक्षरं आहेत त-ब-र-य. एका लेखनिकाने फ लिहिला, दुसऱ्याने ब. चूक कुणाचीच नाही. एट्रुस्कन भाषेत ब हा ध्वनीच नव्हता. ग, द, ब हे मृदू ध्वनी त्या लोकांच्या तोंडी नव्हते. तेव्हा त्यांनी थेफारिए लिहिलं, आणि ज्यांच्याकडे ब होता त्यांनी ब लिहिला. हे थेफारिए म्हणजे लॅटिनमधलं तिबेरियस. म्हणजे इ.स.पू. 500 ला नदीच्या नावाशी नातं असलेलं नाव एक एट्रुस्कन राजा लावत होता.

झालं, नाव एट्रुस्कन ठरलं! थांबा, इतक्यात नाही.

आपण नदीच्या वरच्या अंगाला जाऊ, उंब्रिया प्रांतात. आज चित्ता दी कास्तेल्लो म्हणतात त्या गावाचं रोमन नाव होतं तिफेर्नुम तिबेरिनुम. धाकट्या प्लिनीची जमीन याच परिसरात होती. त्याने एका मित्राला पत्रात आपल्या शेतीवाडीचं वर्णन लिहून कळवलंय: हिवाळ्यात आणि वसंतात नदीतून होड्या चालतात, सगळा माल रोमला जातो, आणि उन्हाळ्यात मोठ्या नदीचं नाव मिरवणारं पात्र कोरडं पडतं. आपल्याला यात नवीन काही नाही. पण गावाचं नाव पाहा. तिफेर्नुम, आणि वर तिबेरिनुम. एकात फ, दुसऱ्यात ब.

आणि इथे आपल्यासारख्यांचे कान टवकारले पाहिजेत. कारण फ आणि ब यांची ही जोडी आपल्या भ च्या घरातली आहे. संस्कृतमध्ये जिथे शब्दाच्या पोटात भ असतो, तिथे लॅटिनमध्ये ब येतो, आणि लॅटिनच्या शेजारणीकडे, म्हणजे उंब्रियन-ऑस्कनकडे, फ येतो. संस्कृत ‘नभस्’, लॅटिन ‘नेबुला’. संस्कृत ‘तुभ्यम्’, लॅटिन ‘तिबी’, उंब्रियन ‘तेफे’. शब्दाच्या आरंभी मात्र लॅटिनमध्येही फ: ‘भ्रातृ’ म्हणजे ‘फ्रातेर’. आपला भाऊ त्यांच्याकडे गेला की फ होतो. तेव्हा तिबेर- आणि तिफेर- ही एकाच जुन्या शब्दाची दोन घरांतली रूपं असतील, तर तो शब्द एट्रुस्कन असण्याची गरज नाही. तो या इटालिक भाषांच्या समाईक मालमत्तेतला असू शकतो, आणि एट्रुस्कनांनी त्यांच्याकडून घेतलेला असू शकतो. काही अभ्यासकांनी त्याही पलीकडे जाऊन ‘पाणी’ या अर्थाचा केल्टिक शब्द याच्याशी जोडून पाहिलाय. मला तो धागा फारच ओढून ताणून बांधलेला वाटतो.

निकाल काय? पत्र्यांवरचा फ एका बाजूला ओढतो, तिफेर्नुमचा फ दुसऱ्या बाजूला. आज कुणीही छातीठोक सांगत असेल की तिबेरिसचा मूळ अर्थ अमुक, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. एवढं मात्र म्हणता येतं की माणसाचं नाव नदीवरून आलंय, नदीचं माणसावरून नाही. तिबेरियस म्हणजे टायबरवाला. रोमन लोकांनी हेच उलटं करून सांगितलं.

उगमावर हक्क सांगायची ही हौस जुनीच आहे असं नाही. मुसोलिनीने प्रांतांच्या सीमा हलवून टायबरचा उगम आपल्या जन्मजिल्ह्यात आणून घेतला आणि 1934 साली तिथे संगमरवरी खांब उभा केला, वर गरुड, खाली रोमच्या भाग्याची भाषा. थेब्रिस आणि तिबेरिनस यांच्या पंगतीला हा तिसरा.

आता लिंगाकडे येतो. इथे फार वेळ घेणार नाही, पण मौज सोडवत नाही.

लॅटिन व्याकरणाचं एक सूत्र शाळकरी मुलंही पाठ करत: नद्या, वारे आणि महिने पुल्लिंगी. तिबेरिस पुल्लिंगी, ऱ्हेनुस म्हणजे ऱ्हाइन पुल्लिंगी, दानुविउस म्हणजे डॅन्यूब पुल्लिंगी. आपल्याला हे कानाला खटकतं. आपल्याकडे वाईला कृष्णाबाईचा उत्सव होतो, तिला खणानारळाने ओटी भरतात. आपण तर ब्रह्मपुत्र या नदालाही काना देऊन ब्रह्मपुत्रा करून टाकलं. रोमनांनी नेमकं उलट केलं. गंगेचं काय झालं ऐका. संस्कृतमधली आकारान्त गंगा ग्रीकांच्या तोंडी ‘गांगेस’ झाली, आणि ग्रीकमध्ये तसला शेवट पुरुषाचा. लॅटिनने तेच उचललं. त्याचा परिणाम आजही दिसतो. रोममध्ये पियाझ्झा नावोना या चौकात बेर्निनीने 1651 साली पूर्ण केलेलं चार नद्यांचं कारंजं आहे: नाईल, डॅन्यूब, रिओ दे ला प्लाता आणि आपली गंगा. गंगामाई तिथे दाढीवाला बुवा होऊन हातात वल्हं घेऊन बसलीय. मराठी प्रवासी तिच्यासमोर फोटो काढतात आणि ओळख न पटता पुढे जातात. एका प्रत्ययाने केलेला हा प्रताप.

पण सूत्र होतं म्हणून सगळ्या नद्यांनी ऐकलं असं नाही. फ्रान्समधली मार्न नदी लॅटिनमध्ये ‘मात्रोना’, केल्टांची मातृदेवता, ती स्त्रीच राहिली. मोसेल्ला स्त्रीलिंगी. आणि आपल्या टायबरचं जे जुनं नाव सांगतात, आल्बुला, तेही स्त्रीलिंगी. ते नाव खरोखर तिचं असेल, तर टायबरने नाव बदलताना लिंगही बदललं. आल्बुलाचा संबंध ‘आल्बुस’, पांढरा, याच्याशी रोमन लोक लावत. तिवोलीजवळ गंधकाचे झरे आहेत, पाणी दुधासारखं पांढुरकं, त्यांना खरोखरच आल्बुला म्हणत. तिथे ते शोभतं. टायबरला होरेस आणि व्हर्जिल दोघेही पिवळी म्हणतात, गाळामुळे. नाव पांढरं, पाणी पिवळं. मला तर आल्बुलाची सगळी हकीकतच संशयास्पद वाटते. आल्बा नगरीच्या राजांना एक नदी जोडून द्यायची होती, एवढंच तिचं प्रयोजन असावं.

आता मुख्य गोष्ट. ज्यासाठी मी खरं म्हणजे इथे आलो ती. द्वितीया.

तुमच्यापैकी अनेकांनी लहानपणी ‘कविः कवी कवयः’ घोकलंय. द्वितीयेचं एकवचन काय? कविम्. हरिम्. अग्निम्. इकारान्त पुल्लिंगी नाम, द्वितीयेला ‘इम्’. आणि व्यंजनान्त नाम असेल तर? वाच् चं वाचम्. तिथे ‘अम्’. हे दोन वेगळे वर्ग आहेत आणि संस्कृतने ते कधी मिसळू दिले नाहीत.

लॅटिनमध्येही हे दोन वर्ग होते. वाचम् चा लॅटिन भाऊ ‘व्होकेम’, तिथे ‘एम’. इकारान्त शब्दांना मात्र ‘इम’ हवा. पण लॅटिनने पुढे हे दोन्ही वर्ग एका गोणीत घातले. व्याकरणकार त्याला तिसरा वर्ग म्हणतात, आणि लॅटिन शिकणाऱ्याची पहिली रडारड तिथेच होते. एकत्र नांदायला लागले की दांडगा जिंकतो. ‘एम’ पसरत गेला. अग्नीचा लॅटिन भाऊ ‘इग्निस’. त्याची द्वितीया ‘इग्निम’ असायला हवी होती, आपल्या अग्निम् सारखी. ती झाली ‘इग्नेम’. मेंढी ‘ओव्हिस’, आपली ‘अवि’. ‘ओव्हिम’ पाहिजे, झालं ‘ओव्हेम’. एकेक शब्द पडत गेला. टिकले किती? बोटांवर मोजण्याइतके. तहान, ‘सितिस’, द्वितीया सितिम. खोकला, ‘तुस्सिस’, तुस्सिम. बळ, ‘व्हिस’, व्हिम. आणि या मूठभर शब्दांच्या शेजारी ताठ मानेने उभी आपली नदी: तिबेरिस, द्वितीया तिबेरिम. तिबेरेम नव्हे. तिबेरिम.

म्हणजे संस्कृतच्या अग्निम् मध्ये जे शाबूत राहिलं आणि लॅटिनच्या अग्नीने जे गमावलं, ते रोमच्या नदीने सांभाळलं. संस्कृत शिकलेल्या माणसाला तिबेरिम ऐकताना ओळख का वाटू नये?

पण का सांभाळलं? बाकीचे शेकडो शब्द पडले, हा का नाही पडला? याचं पुस्तकी उत्तर मिळत नाही. पुस्तकं यादी देतात आणि पुढे जातात. माझं उत्तर सांगतो, पटतं का पाहा.

आपण मराठीत सप्तमीचा ‘ई’ प्रत्यय कुठे वापरतो? घरी. दारी. गावी. माहेरी, सासरी. ‘मी ऑफिसी जातो’ म्हणतो का? ‘स्टेशनी उतरलो’ म्हणतो का? नाही, तिथे त आणि ला. जुना प्रत्यय फक्त त्या शब्दांना चिकटून राहिला जे आपण रोज, त्याच जागी, त्याच अर्थाने बोलतो. घर म्हटलं की माणूस घरी असतो किंवा घरी जातो.

आता रोमन माणूस टायबरचं काय करत असे? तो ती ओलांडत असे, आणि तिच्यात वस्तू फेकत असे. दोन्हीला द्वितीया लागते. ‘पलीकडे’ या अर्थाचं ‘ट्रान्स’ नेहमी द्वितीया घेतं. ‘आत’ या अर्थाचं ‘इन’ गती असेल तर द्वितीया घेतं, स्थिती असेल तर दुसरी विभक्ती. आपण ‘पुण्याला जातो’ आणि ‘पुण्यात राहतो’, तसंच. नदीत पोहणारा ‘इन तिबेरी’. नदीत फेकलेला ‘इन तिबेरिम’.

आणि फेकलं काय काय! दरवर्षी मे महिन्याच्या मध्यावर अग्निदेवता वेस्ताच्या कुमारिका लाकडी पुलावरून गवताच्या बाहुल्या नदीत टाकत. राजेशाही उलथली तेव्हा हाकललेल्या राजाच्या शेतातलं कापलेलं धान्य लोकांनी टोपल्या भरभरून नदीत ओतलं, आणि त्याच्या गाळाचं बेट झालं, अशी दंतकथा आहे. ते बेट आजही शहराच्या मधोमध आहे, आणि त्यावर इस्पितळ आहे. माणसंही टाकली. इ.स.पू. 133 मध्ये गरिबांसाठी जमिनीचा कायदा आणणाऱ्या ट्रिब्यूनला सेनेटच्या मंडळींनी बाकांच्या पायांनी ठेचून मारलं आणि रात्री प्रेत नदीत फेकलं. त्याचं नाव तिबेरियस ग्राकस. टायबरवाला टायबरमध्ये. पुढे इ.स. 37 मध्ये सम्राट तिबेरियस मेला तेव्हा रोमच्या रस्त्यांवर लोक आनंदाने धावत सुटले आणि ओरडू लागले की तिबेरियसला टायबरात टाका. चरित्रकार सुएटोनियसने ही आरोळी नोंदवून ठेवलीय. लॅटिनमध्ये ती अवघ्या तीन शब्दांची, दोन नावं आणि मधे ‘इन’. दोन्ही नावं द्वितीयेत: एक तिबेरियुम, एक तिबेरिम. माणूस आणि नदी यांच्यात फरक फक्त एका स्वराचा. ती घोषणा जमावाला सुचली याचं कारण व्याकरण आहे, हे म्हणायला मी कचरत नाही. (प्रेत नदीत गेलं नाही. रीतसर दहन झालं, रक्षा ऑगस्टसच्या समाधीत ठेवली.)

पण सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत कठोर तिबेरिम कायद्यातली आहे. इ.स.पू. पाचव्या शतकातला रोमचा बारा पाट्यांचा कायदा म्हणतात तो. कर्ज न फेडणाऱ्याला साठ दिवस बेडीत ठेवायचं, बाजारात पुकारा करायचा, आणि तरीही कुणी सोडवलं नाही, तर त्याला टायबरच्या पलीकडे विकायचं. पलीकडेच का? कारण रोमन नागरिक रोमच्या हद्दीत गुलाम होऊ शकत नव्हता. नदी ही हद्द. पलीकडे एट्रुस्कन. ‘ट्रान्स तिबेरिम’ हे दोन शब्द कर्जदाराच्या कानावर पडले की त्याचं नागरिकत्व संपलं. असे शब्द माणसं बदलत नाहीत. कोर्टातले बदलत नाहीत, पूजेतले बदलत नाहीत. कायद्याने, विधीने आणि रोजच्या पूल ओलांडण्याने ही द्वितीया गोठवली. माझा तर्क एवढाच.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ‘इम’ टिकला म्हणजे शब्द अस्सल लॅटिन, असं सिद्ध होतं का? नाही. जर्मनीतली एल्ब लॅटिनमध्ये ‘आल्बिस’, तिची द्वितीया आल्बिम. टायग्रिसची टिग्रिम. या तर उघड परक्या. रोमनांना नवी नदी भेटली आणि तिच्या नावाचा शेवट ‘इस’ असला की ते तिला टायबरच्याच ओळीत बसवत. म्हणजे द्वितीया जन्म सांगत नाही. दत्तकविधान सांगते. आणि आता व्हॅरोची ती मुरड आठवा. नाव बाहेरून आलं असेल, पण आपल्या वसाहतीला ते लागलं, आपल्या देवाला ते लागलं, म्हणजे ते आपलं. तिबेरिनस देवाचं उदाहरण व्हॅरोने स्वतःच त्या वाक्यात दिलंय. व्युत्पत्ती विचारते, तू कुणाचा? व्याकरण विचारतं, तू इथे कसा चालतोस? पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन हजार वर्षं मिळालेलं नाही. दुसऱ्याचं उत्तर रोममधल्या कुठल्याही कर्जदाराला ठाऊक होतं.

ही द्वितीया आज कुठे पाहायला मिळते? संग्रहालयात जायला नको. रोममध्ये नदीच्या उजव्या तीरावर गल्लीबोळांची, खानावळींची एक गजबजलेली वस्ती आहे, ‘त्रास्तेवेरे’. हे ‘ट्रान्स तिबेरिम’च आहे. एन झिजला, ब चा व झाला, ऱ्हस्व इ चा ए झाला, शेवटचा म गळाला, आणि विभक्तीसकट अख्खा वाक्यांश वस्तीचं नाव होऊन बसला. पियाझ्झा व्हेनेत्सियावरून आठ नंबरची ट्राम तिथे जाते. ज्या शब्दांनी माणूस गुलाम होत असे, त्या शब्दांचं तिकीट काढून लोक जेवायला जातात.

मात्र भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने इथे एक सावधगिरी बाळगावी. तेवेरे या इटालियन रूपावरून मूळ ‘तिबेरिम’ होतं की ‘तिबेरेम’, हे ओळखता येत नाही. दोन्हींचा शेवट इटालियनमध्ये ए च होतो. पुरावा लॅटिन ग्रंथांचा आणि हस्तलिखितांचा आहे, रस्त्यावरच्या पाटीचा नाही. पाटी पाहून उगाच भावूक होऊ नये.

माझा वेळ संपत आला, संयोजक घड्याळाकडे पाहतायत ते मला दिसतंय. शेवटी एक विनंती, आणि ती सभागृहातल्या संस्कृतच्या शिक्षकांना आहे. वर्गात ‘कविम्’ आणि ‘वाचम्’ शिकवाल, तेव्हा फळ्याच्या कोपऱ्यात देवनागरीतच दोन शब्द लिहा, ‘तिबेरिम’ आणि ‘व्होकेम’, आणि मुलांना विचारा, यातला कुठला कुणाचा. मुलं दोन मिनिटांत ओळखतात. त्यानंतर लॅटिनचं एखादं प्राथमिक व्याकरण शाळेच्या ग्रंथालयात आणून ठेवा आणि त्याचा तिसरा वर्ग मुलांना आधी उघडून दाखवा, पहिला नाही. पहिल्या वर्गाने लॅटिन परकी वाटते. तिसऱ्यात आपली माणसं भेटतात.